कपाळावरचा पट्टा आणि सात आकडे

हॉलमध्ये खुर्च्या साठ, माणसं एकोणऐंशी, पंखे चार. त्यातला चालू एकच. समोर टेबलावर तांब्याचा पट्टा. मागे मेंदूची दोन चित्रं: पहिल्यात कपाळामागची एकच बाजू लाल, दुसऱ्यात दोन्ही.

"पट्ट्याआधी एक दिवा, पट्ट्यानंतर दोन!" स्मृतिगुरू गरजले. "साठीचा मेंदू विशीचा! मात्र गोळ्या बंद. गोळ्या दिवे विझवतात."

भाचीसोबत आलेली आत्या उठलीच. शिंप्याच्या दुकानात ती मापं घ्यायची. सात मापं डोक्यात ठेवायची आणि कापणाऱ्याला एका दमात सांगायची; लिहून घेणं तिला कमीपणाचं वाटे. हल्ली चौथ्या मापाशीच अडायची. दोन कोट वाया गेले, तेव्हा मालक म्हणाले, "आता बटणं लावा."

"आत्या, रक्तदाबाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत हं," भाची कुजबुजली. शरीरविज्ञानाची नवी पदवीधर. मघापासून तिची चुळबुळ चालली होती.

"तू गप गं! जन्मभर बटणं लावू?"

गुरूंनी सात आकडे भराभर म्हटले. आत्याला चार आठवले. मग पट्टा चढला, मंत्र झाला, आणि गुरूंनी नवे आकडे सावकाश म्हटले. "तीन-नऊ-दोन... पाच-आठ... एक-सात." आत्याने सातही सांगितले. टाळ्यांनी हॉल दणाणला.

भाची ताडकन उठली. "पट्टा कपाळावरच राहू द्या. आकडे मघासारखे भराभर म्हणा."

"शंकेखोराचा दिवा आधी विझतो, बाळ!"

"विझू दे. मीच म्हणते."

नवे आकडे, भराभर: चार आठवले. मग तिने पट्टा काढला. पुन्हा नवे आकडे, गट पाडून, सावकाश: सात.

"अहो, यांची फक्त म्हणायची चाल बदलते!" मागून कुणीतरी खिदळलं. गुरू पट्टा पिशवीत कोंबू लागले.

"सात सुट्या आकड्यांचे तीन गट झाले, एवढंच," भाची म्हणाली. "आणि चित्रांचा अर्थ उलटा सांगितलाय. अशा कामात तरुण मेंदूची बरेचदा एकच बाजू जास्त राबते. वय वाढलं की दुसरीही मदतीला येते. ओझं फार झालं की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. त्यात लाज कसली? गोळ्या सोडा म्हणणाऱ्याला आधी विचारा, पट्ट्याशिवाय करून पाहिलंत का?"

"म्हणजे डोकं म्हातारं झालंच ना माझं?"

"झालंय. तू मापं तीन, दोन, दोन अशी म्हण."

आत्याने पिशवीतून गोळ्यांची डबी काढली. मग म्हणाली, "पाणी दे. दुपारची गोळी राहिलीय."

मालकांनी पुन्हा मापं घ्यायला एक आठवडा दिला. बटणांवर बसवण्याआधीच्या आठवड्यात एकशे चाळीस मापांत एकतीस चुका होत्या. या आठवड्यात एकशे चाळीस मापांत तीन.