रविवारचा मिसकॉल

कंपनीनं जुनं नेटवर्क महिनाअखेर बंद होणार म्हणून जाहीर केलं आणि सात रस्त्याजवळच्या माझ्या मोबाइलच्या दुकानात म्हाताऱ्यांची जत्रा भरली. प्रत्येकाच्या हातात बटणाचा फोन आणि तोंडात एकच प्रश्न : चांगला चालतोय की, मग कशाला मारताय त्याला? उत्तर देऊन देऊन माझा घसा बसला होता. अशातच एका सकाळी सांगोल्याकडून मायाप्पामामा आले. खांद्यावर घोंगडी, आणि रबर लावून बांधलेला फोन बंडीच्या खिशात.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मेंढरांमागं हिंडून पाय झिजले, पण पीळ होता तसाच. सुंभ जळेल, पीळ जळणार नाही. त्यांची एकुलती एक लेक दिपाली. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, म्हणून ती मला द्यायची हे आम्ही लहान असतानाच ठरलेलं. ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं. मोठी झाल्यावर तिनं लोकर न्यायला येणाऱ्या मैंदर्गीच्या मडिवाळप्पाशी लग्न केलं. मला चार दिवस वाईट वाटलं, मग जेवण गोड लागायला लागलं. पुढं माझंही लग्न झालं, पोरं झाली. पण बहिणीला खाली मान घालावी लागली म्हणून मामांनी बिरोबापुढं भंडारा उचलून शपथ घेतली होती : या पोरीशी जन्मात बोलणार नाही. आमच्याकडच्या सगळ्यांचंच त्या घरी जाणं-येणं तुटलं. माझ्यासाठी धरलेला राग सोडा म्हणून मीच त्यांना किती विनवलं. "तुला अक्कल न्हाय," एवढंच म्हणायचे.

पण पोरगी बापावर गेलेली. दर रविवारी मेंढरं कोंडायच्या वेळी तिचा फोन यायचा. तीनदा वाजायचा आणि बंद. मामा उचलायचे नाहीत. मग हिरवं बटण दाबून एक रिंग उलट द्यायचे. मी बरी आहे, मीही बरा आहे, एवढाच त्याचा अर्थ. कुणी टोकलं तर म्हणायचे, "बोलनार न्हाय म्हटलं हुतं. वाजवनार न्हाय म्हटलं न्हवतं." तो मिसकॉल आल्याशिवाय रविवारी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

नवा फोन दाखवून मी म्हटलं, "मामा, नंबर ह्योच राहील. रविवारचा मिसकॉल चुकायचा न्हाय."

"आन तिचा फोन? त्योबी असलाच असंल की."

"तिलाबी बदलाय लागंल. न्हायतर तिकडनं वाजायचंच न्हाय."

मामा जुन्या फोनचं रबर काढायला लागले. "पोरगी येडी हाय. मागं एकदा भर बुधवारचा फोन लावला तिनं. वाजतोय, वाजतोय, थांबंचना. वारबी ध्यानात न्हाय. मी दिली आपली एक रिंग. तिला ह्ये नेटवर्कचं कोन सांगनार?"

"मी सांगतो की."

"नगं. मीच बोलतो."

"आन भंडारा?" मी विचारलं. मामा घोंगडी सारखी करत म्हणाले, "बिरोबाला कोकरू सोडून आलोय. भंडारा परत वाहिला. देव काय बोलला न्हाय. म्हंजी चालतंय." आणि चक्क हसले. काय बोलायचं ते एसटीत घोकून आले होते.

मी सिम अजून जुन्या फोनातच राहू दिलं. मामांनी हिरवं बटण दाबलं आणि या खेपेला कॉल तोडला नाही. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावला.

फोन मडिवाळप्पानं उचलला. "आबा?" दिपाली वडिलांना आबा म्हणायची, म्हणून तोही.

"दिपीला द्या."

तो कानडी हेलात म्हणाला, "आबा, ती न्हाय की हो. मागच्या श्रावणात गेली. कावीळ झाली होती."

मामा माझ्याकडं बघायला लागले, जणू फोन मीच बिघडवला होता. "आन मग रविवारी?"

"मीच देत होतो. तिनंच सांगितलं होतं, रविवार चुकवू नका, आबा जेवायचे न्हाईत."

"मला कळवायचं न्हाई व्हय रं?" मामा ओरडले. दुकानातली गिऱ्हाइकं दचकली.

"लावला होता की, आबा. बुधवारी. तिला तुमच्याशी बोलायचं होतं. फोन तिच्याच हातात होता. लई वाजला. पुढं मला धीर झाला न्हाय."

मामांनी काउंटर घट्ट धरला.

"मग तुमची रिंग आली," मडिवाळप्पा रडत होता. "म्हनाली, आबा बरे हायत. तेवढंच बोलली. मग न्हाय बोलली."

मला वाटलं, मामा आता कोसळतील. कोसळले नाहीत. फोन तोंडाजवळ धरून, घोकून आणलेलं सगळं त्यांनी एक शब्द न चुकता म्हटलं. "पोरी, ह्यो फोन बंद पडनार हाय. नवा घे. आन आता मी बोलत जाईन." मग घोंगडीत तोंड खुपसून माझा मामा लहान पोरासारखा रडला. मीही रडलो. त्या भंडाऱ्याचा, त्या पहिल्या हक्काचा, सगळ्याचा मला संताप आला. पण काढायचा कुणावर?

नवा फोन मामांनी नेला. महिनाअखेर जुनं नेटवर्क गेलं. आता कुणाचाही फोन येऊ दे, मामा पहिल्याच रिंगला उचलतात. परवा मी त्यांच्याकडं गेलो होतो. मेंढरं पाण्यावर होती, तेवढ्यात फोन वाजला. कर्ज पाहिजे का विचारणारी कुठल्या तरी कंपनीची पोरगी होती, तीही टेपवरची.

"टेप हाय मामा, तोडा," मी म्हटलं.

मामांनी हातानंच मला गप्प केलं. फोन कानाशी घट्ट दाबला आणि म्हणाले, "बोल बाळा, बोल. ऐकतोय मी."