पाटीवरची गाणी

सॉल्टपाँडच्या चर्चमध्ये फीफी आमिसा ऑर्गन वाजवायला आला, तेव्हापासून एकुआ बेडनची त्याच्यावर बारीक नजर होती. कारण त्याची ती पाटी. पुस्तकं वाचायचं यंत्र म्हणे. त्यात त्याने गायकवृंदाच्या साऱ्या गाण्यांचं स्वरलेखन फोटो काढून भरलं होतं. पान उलटताना पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग पुढच्या ओळी उमटायच्या.

त्यातली निम्मी गाणी एकुआच्या नवऱ्याने रचलेली. तो गेल्यापासून कागदांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असे. पाद्रीबाबांच्या शब्दाखातर तिने कपाट उघडलं, पण मन मानेना. कागद चोरीला गेला तर जागा तरी रिकामी दिसते, यातून गेलेलं कळणार कुणाला, असं ती बायकांना ऐकवायची.

ईस्टरला ती शेजारगावच्या चर्चमध्ये गेली, तर तिथे नवऱ्याचंच गाणं सुरू झालं. कधी न छापलेलं.

सरावाआधी तिने फीफीला गाठलं. "कुणाला दिलंस?"

फीफी चिडला नाही. तिथे नेमकं कसं गायले, ते त्याने विचारलं. ती रागारागाने गाऊ लागली. शेवटाला सूर वर जात होता, तिथे तिचा आवाज चढेना.

त्याने पाटी पुढे केली. "मामी, माझ्याकडे शेवट खाली उतरतो. बघा."

खरंच होतं. तिचा आवाज थकला, म्हणून नवऱ्यानेच शेवट उतरवला होता. जुना कागद तिने स्वतः चुलीत घातला होता. म्हणजे गाणं त्याआधीच गेलं होतं, आणि तेव्हा ते एकाच माणसाच्या हातात होतं, नवऱ्याच्या.

ती तडक शेजारगावी गेली. तिथली गायनबाई अराबा मासे धुरावर ठेवत होती. तिने काही लपवलं नाही. मास्टर दर गुरुवारी शिकवायला यायचे, म्हणाली. एकुआला मात्र नवरा गुरुवारी जाळी विणायला जातो, असं सांगायचा.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"तुम्ही गाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून."

"फक्त गाणीच शिकवायचा?"

अराबाने मासा उलटला. "गाणीच. आणि जेवून जायचे."

परतल्यावर एकुआने सगळ्यांसमोर सांगितलं की फीफीचा दोष नव्हता, आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

पुढच्या गुरुवारी ती शेजारगावच्या सरावाला गेली. गाणं ऐकायला आले, म्हणाली. बसली मात्र अराबाचा चेहरा दिसेल अशा जागी.