सात सेंटिमीटर

अबू धाबीच्या बास्केटबॉल हॉलमध्ये शेवटची शिट्टी वाजली तेव्हा फलकावर ७१-४८ होतं. विनिताच्या मागच्या रांगेत कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली पायाखाली चिरडली.

"घरचे वाघ!" तो ओरडला. "दुबईत डरकाळ्या आणि बाहेर म्यांव!"

आजूबाजूची पोरं हसली. आपल्याच कॉलेजची, आपल्याच टीमच्या निळ्या टी-शर्टातली. विनिताच्या अंगाची लाहीलाही झाली, पण ती वळली नाही, कारण म्हणणारा खोटं बोलत नव्हता. यंदा बाहेरचे आठ सामने झाले होते आणि आठही हरले होते. घरच्या पाचांपैकी चार मात्र जिंकले होते.

चोवीस वर्षांची विनिता दुबईतल्या याच कॉलेजातून फिजिक्स शिकली आणि आता तिथल्याच प्रयोगशाळेत सहायक होती. घरच्या सामन्यांना ती गुणलेखकाच्या टेबलावर बसायची. बाहेरच्या सामन्यांना स्वतःच्या खर्चाने जायची आणि मांडीवर वही उघडून आपल्या टीमचा प्रत्येक चुकलेला नेम टिपायची. डावीकडे गेला, उजवीकडे, लांब गेला की तोकडा पडला. आज रात्रीच्या पानावर एकाच रकान्यात गर्दी होती. तोकडा, तोकडा, तोकडा. चेंडू रिंगच्या पुढच्या काठावर आपटून परत येत होता.

परतीच्या बसमध्ये सगळ्यांच्या फोनवर एकच व्हिडिओ फिरत होता. क्रीडा विभागाचा संचालक नीरव हसत हसत सांगत होता, "आम्ही पैसा कमी पडू दिलेला नाही. कमी आहे ती इच्छाशक्तीची. शनिवारच्या शेवटच्या सामन्यानंतर नवीन कोच येतील."

"चौदा लाख दिरहमचं फ्लोअरिंग," पुढच्या सीटवरून कुणी म्हणालं. "आणि ती स्क्रीन? तिच्यावर नाचणारा ससाणा?"

"आणि तो बाहेरून आणलेला भाषण ठोकणारा! साठ हजार घेतले. पोरांना डोळे मिटून विजयाची कल्पना करायला लावली."

"नवे बॉल मागितले तेव्हा नीरव काय म्हणाला होता? बजेट नाही, हबीबी!"

बसमध्ये पुन्हा हशा पिकला. कोच सुदेश सर ड्रायव्हरच्या मागे एकटे बसले होते, काचेला डोकं टेकून. विनिता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. सांगलीचा हा माणूस नऊ वर्षं इथे पोरं घडवत होता.

"पत्र आलं?" तिने विचारलं.

"सकाळीच. कारण, असमाधानकारक कामगिरी." ते हसले. "हे कारण घेऊन दुसरीकडे कुठे उभं राहणार गं? जूनअखेर व्हिसा संपला की यल्ला, सांगली."

तिने वही पुढे धरली. "सर, हे बघा. बाहेर आपले चुकलेले शंभर नेम घेतले तर अडुसष्ट तोकडे पडतात. घरी हे प्रमाण पन्नासच्या आत आहे. घाबरलेला माणूस कुठेही चुकेल. सगळे एकाच बाजूला कसे चुकतील?"

"प्रवासाने पाय थकतात. पाय थकले की चेंडू तोकडा पडतो."

"शारजाला अर्ध्या तासात पोचलो होतो. तिथेही तेच झालं."

सरांनी पान उलटलं, पुन्हा सुलटलं. "शास्त्रज्ञ बाई, तुमच्याकडे उत्तर असेल तर शनिवारच्या आत द्या. नंतर दिलंत तर दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल."

उत्तर तिच्याकडे नव्हतं. दोन महिने ती शोधत होती. चेंडूतला हवेचा दाब, हॉलचं तापमान, दिव्यांचा कोन, सगळं तपासून झालं होतं. नेमाचं गणित तिने कितीदा मांडलं होतं, आणि दर वेळी पहिल्या ओळीत रिंगची उंची लिहिली होती, ३.०५ मीटर. जगभर तीच असते.

शुक्रवारी बाबा अबू धाबीजवळच्या मुसफ्फाहून आले. रामचंद्र तिथल्या एका फिटिंगच्या कंपनीत फोरमन होते. आठवडाभर कंपनीच्या खोलीवर राहायचे आणि शुक्रवारी दुपारी दुबईत अल कुसैसला घरी यायचे. आईने, गिरिजाने, सुरमई तळली होती. विनिताला मात्र घास गिळवत नव्हता.

"चौदा लाख दिरहम!" ती म्हणाली. "नुसत्या फ्लोअरिंगचे!"

"म्हणजे सव्वातीन कोटी," आई ताटात भात वाढता वाढता म्हणाली. "सव्वातीन कोटींत आपल्या कुडाळात अख्खं कॉलेज उभं राहील."

"सरांनी नव्या रिंग मागितल्या होत्या. नीरव म्हणाला, भिंतीवरच्या जुन्या आहेत त्या चालतील. पैसा फोटोत दिसेल तिथेच ओततो तो माणूस. उद्घाटनाच्या दिवशी तर पाहुणे दारातच अडकले. दारं उघडेनात! खाली घासत होती. मग धावत सुतार आणला आणि दारं खालून कापली. तेवढ्याचेसुद्धा वेगळे पैसे लावले म्हणे."

बाबांचा हात ताटावर थांबला.

"दारं किती कापली?"

"मला काय माहीत? चार बोटं असतील."

"जुनं फ्लोअरिंग काढलं होतं?"

"नाही. त्याच्यावरच टाकलं. काढायला वेळ नव्हता, पाहुण्यांची तारीख ठरली होती."

"आणि रिंग भिंतीवर बसवलेल्या आहेत."

"हो."

"मग त्या किती वर घेतल्या?"

विनिता बघतच राहिली.

"अगं, तळ वर आला की भिंतीवरचं सगळं तेवढंच खाली येतं," बाबा म्हणाले. "स्विच घे, बेसिन घे, काहीही घे. नवीन लेव्हल पडली की सगळं परत मोजायचं. हे आमच्या साइटवरच्या पहिल्या दिवसाच्या हेल्परलाही सांगावं लागत नाही. तुमच्या त्या साहेबाला दार कापायला माणूस सापडला आणि रिंग मोजायला सापडला नाही?"

ती उठली. हात धुवायचंही तिला भान राहिलं नाही. ३.०५. हा आकडा तिने कधी मोजलाच नव्हता, नुसता लिहिला होता. नुसता लिहून भागलं असतं तरी एक वेळ बरं. प्रत्येक घरच्या सामन्याआधी गुणलेखकाला एक तपासणीचा कागद भरावा लागतो. घड्याळ चालू, रेषा स्पष्ट, रिंगची उंची ३.०५ मीटर. यंदा पाच वेळा तिने त्या चौकटीत बरोबरची खूण केली होती आणि खाली सही ठोकली होती. नीरववरचा संताप तसाच धगधगत राहिला, पण आता त्यात तिचाही वाटा होता.

शनिवारी सकाळी आठला ती बाबांचं मोजणीचं यंत्र घेऊन हॉलमध्ये होती. लेसरचा लाल ठिपका रिंगच्या काठावर धरला. २.९८. दुसरी रिंग, २.९८. तिने प्रत्येकी पाच वेळा मोजलं. सप्टेंबरपासून पोरं रोज दोन तास सात सेंटिमीटर खाली असलेल्या रिंगवर सराव करत होती. हात त्या उंचीला मुरले होते. बाहेर खऱ्या रिंगवर तोच नेम तेवढाच तोकडा पडत होता. आणि इथे आलेल्या पाहुण्या टीमचे नेम बहुधा लांब जात असतील. ते तिने टिपलेच नव्हते. वहीत फक्त आपलीच टीम होती. म्हणजे घरचे चार विजयही पुरते आपले नव्हते.

नीरव मुंबईत वाढलेला, त्यामुळे तिच्याशी मराठीत बोलायचा. त्याने आकडा ऐकला आणि ऑफिसचं दार लावून घेतलं.

"किती जणांना माहितीये?"

"मला आणि बाबांना. सर, मॅच चारला आहे. आठ बोल्ट काढून फ्रेम वर घ्यायची आहे. बाबा म्हणतात दोन तास लागतील."

"आज? तासाभरात कॅमेरे लागतायत. स्पॉन्सर येतायत. भिंतीवर वेल्डर चढवू? समरमध्ये बघू आपण."

"तोवर सुदेश सर जातील. तुमच्या फ्लोअरिंगमुळे."

"माझ्या फ्लोअरिंगमुळे?" त्याचा आवाज चढला. "ते फ्लोअरिंग कॉलेजच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आहे! सात सेंटिमीटर! एवढ्याने कुणी मॅच हरतं का?"

"मग उद्घाटनाला दारं किती सेंटिमीटरने अडली होती?"

त्याने दाराकडे एकदा पाहिलं. मग खुर्चीत मागे रेलून गोड आवाजात म्हणाला, "हे बघ, आज घरची मॅच आहे. जिंकतील ते. जिंकले की मी पत्र मागे घेतो. तुला तेच हवंय ना? मग तू तुझं टेबल सांभाळ."

सुदेश सरांना तिने कपडे बदलायच्या खोलीबाहेर गाठलं आणि सगळं सांगितलं. आकडा, दारं, नीरवचा सौदा. आतून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"हम्माद," सर म्हणाले.

हम्माद टीममधला सगळ्यात उंच मुलगा. ऑक्टोबरात त्याचा हात पहिल्यांदा रिंगला लागला, तेव्हा तो हॉलभर नाचला होता. 'कोच, माय जंप!' सरांनी सगळ्यांना लिमलेट वाटली होती. बाहेरच्या सामन्यांत त्याचा हात कधीच पोचला नाही, आणि त्या साठ हजारवाल्याने त्याला पाऊण तास एकट्याला बसवून 'तुझ्या मनात भीती आहे' असं सांगितलं होतं.

"भीती!" सर म्हणाले, आणि त्यांनी भिंतीवर अशी थाप मारली की आतला गलका थांबला. "मीही रागावलो गं त्याच्यावर. आठही वेळा रागावलो."

"आज जिंकलात तर पत्र जातं, सर."

"आणि रिंग तशीच राहते. समरमध्ये तो दुसरा ससाणा आणेल." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी तुला काहीच सांगणार नाही. सांगितलं तर तुझी सही माझ्यासाठी होईल. कागद तुझा आहे."

चार वाजायला वीस मिनिटं असताना हॉल भरला होता. स्क्रीनवर निळे झोत फिरत होते, ससाणा नाचत होता, पुढच्या रांगेत पाहुण्यांसमोर कॉफी आली होती. विनिताने कागद पुढे ओढला. घड्याळ, बरोबर. रेषा, बरोबर. तिसऱ्या चौकटीत तिने खूण केली नाही. तिथे लिहिलं, 'दोन्ही रिंग २.९८ मीटर. प्रत्यक्ष मोजलं.' खाली सही केली आणि कागद मुख्य पंच नूरुद्दीन यांच्या हातात दिला.

त्यांनी तो नेहमीसारखा न वाचता घडी घालायला घेतला. मग थांबले.

"यह क्या लिखा है, बेटा?"

"जो है वही, सर. आप नाप लीजिए."

त्यांनी मोजपट्टी मागवली. स्टुलावर चढले, मोजलं, उतरले, दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा मोजलं. संगीत बंद पडलं. मोठ्या स्क्रीनवर कॅमेऱ्याने नेमकी रिंग आणि तिला लागलेली पिवळी पट्टी दाखवली. त्या स्क्रीनचा यंदा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

"खलास," नूरुद्दीन म्हणाले. या रिंगवर सामना होणार नाही आणि स्पर्धेच्या नियमाने मैदान ज्याचं, दोष त्याचा. पाहुणी टीम विजयी, २०-०.

हॉलभर आरडाओरडा उठला. "टेबलवालीने वाट लावली!" कुणीतरी ओरडलं. एक कागदी कप तिच्या खांद्याला लागून पडला. नीरव टेबलाशी आला, ओठ न हलवता म्हणाला, "पत्र आता पक्कं. आणि तू परत या टेबलावर बसलीस तर बघ."

तेवढ्यात प्रेक्षकांतला एक मुलगा खाली उतरून आला. स्क्रीनकडे बोट दाखवत त्याने विचारलं, "किती खाली आहे?" अबू धाबीत मागून 'घरचे वाघ' ओरडलेला तोच आवाज.

"सात सेंटिमीटर."

"कधीपासून?"

"फ्लोअरिंग टाकल्यापासून."

त्याने आधी फ्लोअरिंगकडे पाहिलं, मग नीरवकडे. तोंडाजवळ दोन्ही हात नेऊन तो मागे वळून ओरडला, "अरे, चौदा लाख घालून रिंग खाली आणली यांनी!" ते वाक्य रांगेरांगेने वर चढत गेलं. थोड्या वेळाने अख्खा हॉल पायाने ताल धरून एकच शब्द ओरडत होता, "सात! सात! सात!" पाहुण्यांनी कॉफीचे कप खाली ठेवले.

विनिताने गुणपत्रक भरलं. हरणारी टीम म्हणून आपल्या कॉलेजचं नाव स्वतःच्या अक्षरात तिने लिहिलं. कारणाच्या रकान्यात तिने आकडा दोनदा गिरवला.

'सात! सात!'चा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला आणि बुधवारी सरांना तीन ओळींची ईमेल आली. पूर्वीचं पत्र रद्द समजावं. दिलगिरीचा शब्द नव्हता. तिसरी ओळ खर्चाची होती, रिंग वर घेण्याचे पैसे कोचच्या साहित्याच्या बजेटमधून कापले जातील. म्हणजे नवे बॉल पुढच्या वर्षीही नाहीत. नीरव जागेवरच होता. विनिताचं टेबल गेलं होतं.

"निर्लज्ज," ती म्हणाली.

"आहेच," सर म्हणाले. "पण मी इथे आहे. चल, धर ते यंत्र."

बाबा दोन माणसं घेऊन मुसफ्फाहून आले होते. दोन तासांत फ्रेम वर गेली. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. "बिल त्या साहेबाच्या नावाने हवं असेल तर देतो, दुप्पट," एवढंच म्हणाले. विनिताने मोजलं. ३.०५. पाच वेळा मोजलं.

मग हम्माद पुढे आला. त्याला सगळं कळलं होतं. तो धावत आला, उडाला, आणि त्याची बोटं रिंगच्या खाली हवेतच मिटली. तो खाली उतरला आणि फ्लोअरिंगवर थुंकल्यासारखं तोंड केलं.

"हाऊ मच?" त्याने विनिताला विचारलं.

तिला काहीतरी बरं बोलावंसं वाटलं. पण खोटी खूण आता तिला कुठेच करायची नव्हती.

"पाच," ती म्हणाली. "पाच सेंटिमीटर कमी पडले."

हम्मादने मान हलवली आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहिला.