ऑगस्टच्या सुट्टीत बंद केलेले पंप

सोमवार, १९ ऑगस्ट २०१९, सकाळी ८ वाजून ५ मिनिटे. निर्वात पंप एकूण आठ. चालू, एकही नाही.

मोडेनाजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या उपचारासाठी प्रोटॉनांना वेग देणारा रेषीय त्वरक बांधला जात होता. लहान इस्पितळाच्या तळघरात मावेल एवढा. तांब्याच्या आठ नळ्या एकामागून एक जोडलेल्या, आणि आतून हवा पूर्ण काढलेली. शुक्रवारी मंत्रालयाची समिती येणार होती. शरीराऐवजी ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत प्रोटॉन चाळीस मिलिमीटर खोल पोचले, तरच प्रकल्प पुढे जाणार होता.

मुख्य खटक्यावर मी लावलेली ‘सुट्टीतही बंद करू नये’ ही पाटी कोणीतरी काढून, नीट घडी करून, पेटीवर ठेवली होती.

रिमिनीच्या किनाऱ्यावरून रापून परतलेले व्यवस्थापक बाल्दास्सारे म्हणाले, “इमारतीत माणूस नाही, मग वीज कोणासाठी जाळायची?”

“पंपांसाठी! नऊ दिवसांत नळ्यांत हवा साठली.”

“हवा तर फुकट असते, उबाल्दो.”

“तीच काढायला सात महिने घातलेत मी! पाटी वाचता येत नव्हती?”

“वाचली की. पण वीज बंद करायच्या परिपत्रकावर जावक क्रमांक होता. तुमच्या पाटीवर कुठं होता?”

माझ्या हातात पाना होता. तो मी खाली ठेवला.

संचालक सबातीनींनी तोडगा काढला. “झालं ते झालं. शुक्रवारपर्यंत नळ्यांत पूर्ण विद्युतशक्ती चढवा.”

“साहेब, ती पायरीपायरीनंच चढवावी लागते. पहिल्यांदा महिने लागले; आता दिवसाला एक, म्हणजे आठ नळ्यांना आठ दिवस. घाई केली तर आत ठिणग्या पडून तांबं जळेल.”

“समितीला आतलं तांबं दिसत नाही.”

“आजाऱ्यालाही दिसणार नाही. त्याला त्या यंत्रापुढं झोपवाल, तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहाल का?”

“तोंड सांभाळा, उबाल्दो.”

“एकोणचाळीस वर्षं तेच केलं. समितीकडून तारीख बदलून मागा.”

“काय लिहू? आमची वीज आम्हीच बंद केली?”

“हो. आणि जावक क्रमांक घाला.”

ते पत्र त्यांनी लिहिले नाही. शक्तिपुरवठ्याची किल्ली मी खिशात ठेवली आणि एकही पायरी गाळली नाही. शुक्रवारपर्यंत चार नळ्या तयार झाल्या. उरलेल्या चारांतून प्रोटॉन वेग न घेता नुसतेच पुढे गेले.

समितीने टाकीत मोजलेली खोली: बारा मिलिमीटर.