गादीतली पुरचुंडी

कोंडीरामनं चाळीस वर्षं जामखेडला धान्याच्या गोदामात हमाली केली होती. सामान कसं टिकवायचं हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे नगरला आल्या आल्या पोरानं नियमांचा कागद वाचून दाखवला, तेव्हा त्याला हसूच आलं.

पोराला, म्हणजे महेंद्रला, कंपनीनं वर्षभरासाठी गुजरातला धाडलं होतं. सावेडीतलं भाड्याचं घर सोडायचं आणि बायपासजवळच्या एका गोदामात शटरची खोली घेऊन संसार तिथं ठेवायचा, असं ठरलं होतं. त्या गोदामाचा नियम होता की गॅसची टाकी नको, धान्य नको, कसली औषधं नकोत.

“आप्पा, उंदरांसाठी काही टाकू नका. तिथं चालत नाही,” महेंद्र म्हणाला.

“न्हाई टाकत,” कोंडीराम म्हणाला. धान्यात टाकायच्या गोळ्यांचा डबा तेव्हा त्याच्या पिशवीतच होता. वर्षभर बंद खोलीत गाद्या राहणार आणि उंदीर त्या सोडणार, असं कधी झालंय का? कागद लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एक पोतं उचललं नसेल, असं त्याला वाटलं.

सून दीपा सकाळपासून राबत होती. फ्रिज पुसून, दार किलकिलं राहावं म्हणून तिनं त्यात फडकं अडकवलं. मिक्सर जुन्या साडीत गुंडाळला, भांडी गोणीत भरली, कपाटाची दारं सुतळीनं आवळली. बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धमूर्ती तेवढी सोबत न्यायच्या पेटीत ठेवली. कोंडीरामकडं गाद्या वळायचं काम होतं. कुणाचं लक्ष नाही असं बघून तो एकेका वळकटीत गोळ्यांची पुरचुंडी सारत गेला. टेम्पोवाल्याचा पत्ता लागेना, म्हणून मग बापलेक चौकात गेले.

परत यायला दीड तास झाला. महेंद्र दारात टेम्पो लावून घेऊ लागला. कोंडीराम घरात आला तर चार वर्षांची नात, राजनंदिनी, कुठं दिसेना.

“आतल्या खोलीत झोपलीय,” दीपा म्हणाली. “धुरळा नको म्हणून दार ओढून घेतलं. फरशी नुकतीच पुसलेली, ओल लागेल म्हणून एक गादी सोडून टाकली तिला.”

कोंडीरामनं धावत जाऊन दार ढकललं. आत लसणाचा वास कोंडला होता. स्वयंपाकघर तर सकाळीच बांधून झालं होतं. हा वास त्या गोळ्यांतून सुटणाऱ्या विषारी वायूचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गोदामात हा वास आला की मुकादम सगळ्यांना हातातलं काम टाकून बाहेर पिटाळायचा. त्यानं पोरीला उचलून अंगणात आणलं. तिनं डोळे किलकिले केले आणि त्याच्या खांद्यावर ओकली.

“ऊन लागलं असेल,” दीपा घाबरून म्हणाली.

सांगायची वेळ हीच होती. पण पाठीमागं महेंद्र उभा होता, आणि सकाळीच त्याला ‘न्हाई टाकत’ असा शब्द दिला होता.

“व्हय,” कोंडीराम म्हणाला, “ऊनच हाय.”

रिक्षात पोर त्याच्या मांडीवर होती, शेजारी दीपा. महेंद्र मोटारसायकलवर पुढं गेला. राजनंदिनीचे ओठ पांढुरके दिसत होते आणि ती मधेच दचकत होती. कोंडीराम तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघत होता. एक श्वास जरा लांबला की त्याचा स्वतःचा थांबायचा. पोर मरणार आणि आपण मारली, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तरी तोंड उघडत नव्हतं. या घडीलाही आपल्याला महेंद्रच्या रागाची भीती वाटते, याची त्याला किळस आली.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे तपासले, पोट दाबून पाहिलं आणि उन्हाचीच औषधं लिहायला घेतली. “साखर-मिठाचं पाणी पाजा. घरी नेऊन शांत झोपवा,” ते म्हणाले.

झोपवा म्हटल्यावर कोंडीरामनं मांडीवरच्या पोरीला छातीशी धरलं.

“सायेब, ऊन न्हाई. गादीत गोळ्या हुत्या, धान्यात टाकायच्या. म्या ठिवल्या.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मोठ्या दवाखान्याला फोन लावला, ॲम्ब्युलन्स मागवली. मग त्यांनी वळून विचारलं, “तुम्हाला हे कधी कळलं?”

खोटं बोलायला अजून जागा होती. आत्ताच आठवलं, म्हटलं असतं तर कुणी उलटून विचारलं नसतं.

“दार उघडलं तवाच,” कोंडीराम म्हणाला.

महेंद्र भिंतीला टेकला. दीपानं मुलीला कोंडीरामच्या मांडीवरून उचलून घेतलं.

टेम्पो रिकामाच परत गेला. पोर दोन दिवस मोठ्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. कोंडीराम तिथल्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिला; वर जायची त्याची छाती झाली नाही. कुणी जिना उतरलं की आता निरोप येणार, असं वाटून तो उठून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी धोका टळल्याचं कळलं. दुपारी महेंद्र राजनंदिनीला कडेवर घेऊन खाली आला. मागं दीपा होती.

“आप्पा, धरा हिला. मी रिक्षा बघतो,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दीपाही अडवायला पुढं झाली नाही.

राजनंदिनीनं आजोबाकडं दोन्ही हात पसरले.

कोंडीरामनं आपले हात पाठीमागं नेले. “आईकडं जा, बाळा,” तो म्हणाला.