पाचशे रुपयांचा क्रिप्टो किंग

आमच्या सुजितभावजींनी पाचशे रुपयांचं बिटकॉईन घेतलं आणि काळेवाडीत असा गाजावाजा झाला, की बाई गं! कुणाला वाटावं, अख्खी बँकच विकत घेतली.

सुजितभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. चाकणच्या एका कंपनीत पत्रे कापायच्या प्रेस मशीनवर आहेत. मनाने सोनं, पण अक्कल हप्त्याहप्त्याने येते. तिशी उलटली तरी लग्न जमेना. मुलीकडचे आधी विचारतात, "पर्मनंट का?" पर्मनंट आहे म्हटलं की विचारतात, "अजून काय?" आता अजून काय म्हणजे काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. शेवटी मीच कंबर कसली आणि तळेगावच्या माझ्या उद्धवमामांच्या पूनमचं स्थळ काढलं. पूनम तिकडेच एका कारखान्यात हिशेबाचं काम बघते. पोरगी शांत, पण अशी बघते की समोरच्याने आपल्या शर्टाची बटणं तपासावीत.

पाहण्याचा कार्यक्रम झाला. दोघांनी एकमेकांकडे चोरून बघितलं, ते मी पाहिलं आणि मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. तेवढ्यात मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "पगार ठीक आहे हो, पण गुंतवणूक काय? हल्लीची पोरं क्रिप्टोत असतात. तुम्ही आहात का?"

"आहे ना," भावजी म्हणाले. मला ठसकाच लागला.

झालं! दुसऱ्या दिवशी स्वारी मोबाईल घेऊन बसली. सोबत माऊली नावाचा मित्र. ह्या माऊलीचा धंदा काय ते देवालाच ठाऊक, पण सल्ल्याचं दुकान चोवीस तास उघडं. ॲपने आधार मागितलं, पॅन मागितलं, मग म्हणालं चेहरा दाखवा. भावजी भिंतीला टेकून मान डावीकडे, मान उजवीकडे, डोळे मीट, डोळे उघड. आमच्या सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि ओरडल्याच, "अगं विजयश्री, ह्याला फिट आली वाटतं! कांदा आण, कांदा!"

कांदा हुंगवून झाला, समजूत काढून झाली, तर सासूबाईंचं दुसरंच. "आज अमावस्या हाय. आज काय बी घ्यायचं न्हाई." मग अमावस्या उलटल्यावर पाचशे रुपयांची खरेदी झाली. सासूबाईंनी विचारलं, "कुठाय?" भावजी म्हणाले, "ह्या फोनमध्ये." आमच्याकडे गाडी घेतली की पूजा, फ्रिज घेतला की पूजा. मग फोनला काय सुट्टी? देव्हाऱ्यापुढे पाटावर फोन ठेवला, हळदकुंकू वाहिलं. कुंकू जाऊन बसलं कॅमेऱ्यावर, त्यामुळे पुढे आठवडाभर भावजींचे सगळे फोटो लालेलाल. वर गल्लीत सातशेचे पेढे वाटले. पाचशेच्या मालाला सातशेचे पेढे, आणि ह्याला म्हणायचं गुंतवणूक!

इथवर मी हसत होते. पण शनिवारी भाजीला गेले, तर चौकात हा एवढा फ्लेक्स. गॉगल लावलेले भावजी, डोक्यावर मुकुट, आणि खाली 'क्रिप्टो किंग सुजितभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन!' त्याखाली शुभेच्छुक म्हणून माऊली आणि अजून मिसरूड न फुटलेल्या पोरांची रांग. मी तशीच घरी आले.

"भावजी, तो फ्लेक्स उतरवा आधी."

"राहू द्या की वहिनी. उद्या मामा घर बघायला येणार आहेत."

"आणि त्यांनी विचारलं, किती आहेत, म्हणजे?"

"विचारलं तर सांगीन. न विचारता कशाला सांगू?"

आता काय बोलणार ह्या माणसाशी!

रविवारी मामा पूनमला घेऊन आले ते फ्लेक्स बघूनच आले. कालपर्यंत 'अहो सुजित' होतं, ते दारातच 'जावईबापू' झालं. घर बघायला आलेल्या माणसाने बाथरूमचं दारसुद्धा उघडून बघितलं नाही. सोफ्यावर टेकले ते थेट मुद्द्यावर. "जागेचे बारा लाख आलेत. बँकेत ठेवून काय उपयोग? तुमच्या हाती देतो. तुमच्याबरोबर आमचंही भलं करा."

भावजींचा चेहरा पांढराफटक. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. पूनम त्यांच्याकडेच बघत होती. आतापर्यंत एकदाही तिने नजर काढली नव्हती.

"मामा," भावजी म्हणाले, "माझे पाचशे रुपयांचेच आहेत."

मामा खदखदून हसले. "व्वा! माणूस असाच साधा पाहिजे."

भावजींनी फोन पुढे केला. "खरंच. आता चारशे ऐंशी झालेत."

मामांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग जे उसळले! "चौकात मुकुट घालून उभे आहात, आणि पाचशे रुपये? माझ्या पोरीला फसवायला निघालात?"

मला राहवेना. "मामा, नऊ वर्षं प्रेसवर उभे राहतात ते. दहाही बोटं शाबूत आहेत. त्या खात्यात असं म्हणता येणारी माणसं किती आहेत, ते जाऊन विचारा. हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

"विजू, तू मधे बोलू नकोस," म्हणाले आणि तरातरा खाली गाडीकडे गेले.

पूनम मात्र उठली नाही. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, पोरगी आपल्या बाजूची आहे.

"मला पाचशेचं काही नाही," ती भावजींना म्हणाली. आवाज अगदी साधा. "पण पप्पांनी बारा लाख काढले नसते, तर मला कधी सांगणार होता?"

मी तिच्या मागून भावजींना खुणा केल्या. म्हणा, आजच सांगणार होतो. एवढंच म्हणा! त्यांनी माझी खूण नीट पाहिली. आणि म्हणाले, "लग्नानंतर."

पूनमने मान हलवली. उष्टा कप स्वतःच आत नेऊन ठेवला, सासूबाईंच्या पाया पडली. "येते गं ताई," म्हणाली आणि गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजत गेल्या.

मग मी फुटलेच. "एवढं खरं बोलता येतं तुम्हाला, तर तळेगावातच बोलायला काय झालं होतं?"

भावजी खाली बघत म्हणाले, "तिथे खरं बोललो असतो, तर ते घर बघायला आले असते का, वहिनी?"