अठरा घरांचा शब्द

"एकशे अठ्ठेचाळीस! सकाळपासून हललेलं नाही बघ," मीटरच्या काट्यावरची नजर न काढता पाश्क म्हणाला. "लावतो आता. घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? घाबरलायस तू," उशांना टेकलेली त्याची बायको द्राने म्हणाली. एवढं बोलायलाही तिला तीनदा थांबावं लागलं.

श्वासाचं हे यंत्र लेकीनं डेट्रॉइटहून पाठवलेलं. हवेतला प्राणवायू वेगळा काढून तो नळीनं नाकात सोडायचा, एवढंच त्याचं काम. इस्पितळानं केव्हाच हात टेकले होते. घरातला सिलिंडर काल संपला होता आणि गुरुवारशिवाय दुसरा मिळणार नव्हता. पण यंत्र पडलं अमेरिकेचं, त्याला हवी एकशे पंधरा व्होल्टची वीज. इथं अल्बानियात, श्कोदरमध्ये दोनशे वीस, आणि तीही कागदावर. हिवाळ्यात गल्लीतलं घर न घर विजेची शेगडी पेटवतं, मग वीज दीडशेच्या आसपास मरगळून पडते.

पाश्कनं तारांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली होती. जुना ट्रान्सफॉर्मर सोडवून, बोटं सोलून घेत त्यानं तारेचे नवे वेढे भरले ते दीडशेच्या हिशेबानं. दोनशे वीस धरले असते तर यंत्राच्या वाट्याला ऐंशीसुद्धा आले नसते. आणि हिवाळ्यात दोनशे वीस इथं पाहिलेत कुणी!

त्यानं बटण दाबलं. यंत्र चालू झालं. अर्ध्या तासात द्रानेच्या निळ्या ओठांवर रंग आला.

"रडतोस काय मेल्या," ती म्हणाली, आणि या वेळी एका दमात म्हणाली. "कॉफी कर मला. साखर घाल भरपूर, हात आखडू नकोस."

पाश्क हसत स्वयंपाकघरात गेला. भांड्यात कॉफीला फेस येत होता, तेवढ्यात डोक्यावरचा पिवळट दिवा एकदम पांढराफेक झाला. आयुष्यभर विजेत वावरलेला माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही. भांडं तसंच टाकून तो धावला. तो पोहोचायच्या आत यंत्र किंचाळलं, आत काहीतरी फुटलं आणि जाळीतून धूर निघाला. काटा दोनशे एकतीसवर होता.

त्यानं प्लग उपटला, खिडकी उघडली, यंत्राचं झाकण काढलं. मोटरची तार काळीठिक्कर पडली होती. असली मोटर इथं कुठं मिळायची? डेट्रॉइटहून यायची तर दीड महिना. द्रानेचा श्वास पुन्हा घशात घरघरू लागला होता.

"मी मारलं गं तुला," तो म्हणाला. "माझ्या अकलेनं मारलं! आजच कुठली मेली चांगली वीज आली?"

दार वाजलं आणि शेजारचा झेफ बायकोला, लिझेला घेऊन आतच आला. दोघांच्या अंगात ओव्हरकोट, नाकं थंडीनं लाल. पाश्कनं घाईघाईनं झाकण बसवलं.

"उस्ताद, काटा बघितलास का?" झेफच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "चर्च सुटल्यावर दारातच सगळ्यांनी बेसा दिला. अठरा घरं! द्राने उठून बसेपर्यंत गल्लीत एकही शेगडी पेटणार नाही. तिच्या मशीनला वीज कमी पडायला नको."

"माझी आई, ऐंशीची म्हातारी," लिझे म्हणाली, "तिनं स्वतःच्या हातानं प्लग काढला. बसलीय तीन गोधड्या गुंडाळून."

बेसा दिला म्हणजे शब्द दिला, आणि तो मोडला तर माणसाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. पाश्कच्या ओठांवर सगळं आलं. अरे, तुमच्या शेगड्यांच्या भरवशावरच मी वेढे भरले होते रे! त्यानं तोंड उघडलं, तोच द्रानेनं त्याची बाही घट्ट धरली. दुसऱ्या हातानं तिनं ओघळलेली नळी पुन्हा नाकात बसवली.

"करपल्याचा वास येतोय," लिझे म्हणाली.

"कॉफी," पाश्क कसाबसा म्हणाला. तीही करपलीच होती.

"कसं वाटतंय गं?"

"खूप... बरं," द्राने म्हणाली. "आईला... सांग."

लिझेनं यंत्राकडे कौतुकानं पाहिलं. "आणि किती शांत चालतं! आवाज म्हणून नाही. अमेरिकेचं ते अमेरिकेचंच बाई."

द्रानेनं मान हलवली, आणि पाय जवळ ओढून घेत लिझेला पलंगावर बसायला जागा करून दिली.